टॉप मॉडेलची शिफारस

सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवणाऱ्या सयाजी मगदूमांकडे स्वतःची म्हणावी अशी गाडी नव्हती. होती ती ‘मगदूम मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ची. डोक्यावर तांबडा ‘एल’, दोन्ही बाजूंना ब्रेक आणि दारावर मोबाईल नंबर रंगवलेला. त्या गाडीतून लग्नाला गेलं तरी मांडवातले चार लोक शिकवणीची फी विचारायला यायचे. म्हणून लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी त्यांनी बायकोला जाहीर करून टाकलं, "उज्ज्वला, आता सेडान. ऐसपैस डिकीची. आणि ‘एल’ नसलेली."

गाडी ठरली, रंग ठरला. अडलं ते व्हेरिएंटवर.

आता तुम्ही म्हणाल, त्यात अडायचं काय? परवडेल ते घ्यावं आणि गप घरी यावं. अहो, तो जमाना गेला. गाडीची तीन व्हेरिएंट होती. ‘आरंभ’ म्हणजे साधी, स्टेअरिंग तुमच्या हातात आणि बाकी तुमचं नशीब. ‘प्रवास’ म्हणजे मधली, हायवेला स्वतः चालणार आणि गावात तुम्ही चालवायची. आणि ‘निवांत’ म्हणजे टॉप मॉडेल. ती सगळीकडे स्वतः चालायची, सीट दाराकडं वळवून माणसाला अलगद बाहेर काढायची, पट्टासुद्धा आपणहून लावायची. वर तिचं एक वैशिष्ट्य असं, की मालकाला चालवणं झेपेनासं झालं की स्टेअरिंग सरकत सरकत डॅशबोर्डच्या आत जायचं आणि त्यावर झाकण बसायचं. एकदा घेतलेलं व्हेरिएंट मात्र पुढं बदलता येत नसे. तिन्हींची हाडंच कारखान्यातून वेगळी यायची.

"स्टेअरिंग गिळणारी गाडी!" सयाजीराव म्हणाले. "ती गाडी आहे का कपाट? आपण आरंभ घ्यायची. गाडी हातानं चालवायची असते."

उज्ज्वलाला मधली हवी होती. पण नवऱ्याच्या डोळ्यांतली हौस बघून ती काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "गाडी माझ्या नावावर घेऊ. बायकांना रोड टॅक्स माफ आहे."

रविवारी दोघं सांगली-मिरज रस्त्यावरच्या शोरूममध्ये गेली. अक्षता चौगुले नावाच्या चुणचुणीत मुलीनं चहा दिला आणि नियम समजावला. दोन वर्षांपासून गाडी विकणाऱ्याला लेखी शिफारस द्यावी लागे. पुढची दहा वर्षं या माणसाला कोणतं व्हेरिएंट पेलवेल, याची शिफारस. लोक शेजाऱ्याची बघून गाड्या घेत होते आणि न झेपून ठोकत होते, म्हणून हा कायदा आला होता. शिफारशीच्या खालचं व्हेरिएंट घ्यायला बंदी नव्हती, पण मग विमा कंपनी हात वर करायची.

"ही शिफारस करतं कोण?" सयाजीरावांनी विचारलं.

"गाडीच करते, सर. मॅडमनी पंधरा मिनिटं चालवायची. आमच्यातलं कुणी सोबत येत नाही, म्हणजे दडपण नको."

"आतला कॅमेरा बंद ठेवता येईल का?" उज्ज्वलानं विचारलं. "कुणी माझ्याकडं बघत असलं की मला सुचत नाही."

तेवढी सवलत कायद्यात होती. अक्षतानं कॅमेरा बंद केला. उज्ज्वला उजवीकडं बसली, सयाजीराव डावीकडं, म्हणजे त्यांच्या सव्वीस वर्षांच्या जागेवर. मिरजेच्या बाजूला जाऊन दोघं परत आली. उज्ज्वलानं गाडी बरी चालवली. एका रिक्षावाल्यानं मध्येच वळवली तेव्हा जरा दचकली, एवढंच.

परत आल्यावर अक्षताच्या टॅबवर हिरवी अक्षरं उमटली. शिफारस: निवांत.

सयाजीरावांच्या डोक्यात तिडीकच गेली. "बघितलंस? टॉप मॉडेल गळ्यात मारायचे धंदे! अहो ताई, मी या लाईनमध्ये तुमच्या जन्माच्या आधीपासून आहे."

"सर, आम्हाला तिन्हींवर सारखंच मिळतं," अक्षता शांतपणे म्हणाली. "शिफारस कंपनीलाही बदलता येत नाही."

"मग कारण दाखवा."

मुलीचा चेहरा पडला. "कारण फक्त मॅडमना बघता येतं, नाव त्यांचं आहे. पण बघायलाच पाहिजे असं नाही, सर. खूप लोक नाही बघत."

शहाण्या माणसानं इथं थांबावं. सयाजीराव थांबले नाहीत. "दाखव म्हटलं ना! उज्ज्वला, लाव अंगठा."

उज्ज्वलानं अंगठा लावला. दोघांनी वाकून वाचलं. चालकाच्या हातात, एरवी सहज लक्षात न येणारी, सेकंदाला पाच वेळा होणारी नियमित थरथर. कंपवाताच्या पूर्वखुणेशी जुळणी शंभरात सत्याऐंशी. चार ते पाच वर्षांत वाहन चालवण्याची क्षमता जाण्याचा संभव. कृपया मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे.

उज्ज्वलानं आपले दोन्ही हात टेबलावरून उचलले आणि उलटसुलट करून बघितले. मग पदराखाली घेतले. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते सयाजीरावांना त्या गुळगुळीत फरशीवर उभ्या उभ्या कळलं.

"बुकिंग शुक्रवारपर्यंत आहे, मॅडम," अक्षता अगदी हळू म्हणाली. "घाई नाही."

यात यंत्राची जादू काही नव्हती. माणसाचा हात स्टेअरिंगवर कधीच स्तब्ध नसतो. एका सेकंदात शेकडो बारीक दाब पडतात, आणि नव्या गाड्यांच्या स्टेअरिंगमध्ये ते मोजणारी तार गुंडाळलेली असते. रस्त्याचा हादरा वेगळ्या ठेक्याचा, टायरचा वेगळा, घाबरलेल्या माणसाचा वेगळा. तो सगळा गाळून काढला की जे उरतं ते हाताचं स्वतःचं. कंपवात बाहेर दिसायच्या कितीतरी वर्षं आधी त्याचा ठेका तिथं लागलेला असतो. आणि त्याची एक खोड असते. हातानं काही घट्ट धरलं की तो दडून बसतो आणि हात सैल सोडून नुसता टेकवला की उठतो. ही शेवटची गोष्ट मिरजेच्या डॉक्टरांनी सोमवारी सांगितली. तपासून ते म्हणाले, "मला तर हातात काही दिसत नाही. पण इतक्या लवकर आम्हाला दिसतही नाही. मोठ्या डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळेल, तोवर धीर धरा."

धीर धरायला उज्ज्वलाचं काम कारकुनीचं असतं तर गोष्ट वेगळी. ती रक्त काढायची. मिरजेतल्या एका लॅबमध्ये बावीस वर्षं ती हेच करत आली होती. मोठ्या माणसांचं रक्त हल्ली यंत्र काढायचं. हात आत घातला की उजेड पाडून शीर शोधायचं आणि सुई टोचून मोकळं व्हायचं. पण तान्ह्या पोरांपुढं आणि सुकलेल्या म्हाताऱ्यांपुढं ते यंत्र हात टेकायचं. दोऱ्याएवढी शीर, त्यात पोर किंचाळतंय, आई रडतेय. तिथं उज्ज्वलाच लागायची. आसपासच्या तालुक्यांतून लोक तिचं नाव घेऊन यायचे.

सोमवारी दुपारी ती लॅबच्या डॉक्टर उपाध्यांकडं गेली आणि गाडीच्या शिफारशीचा कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"सर, मी आता बाळांना हात लावणार नाही."

"अहो, पण तुमचा हात अजून..."

"एखाद्या दिवशी हलला तर? ते पोर सांगणार आहे का मला?"

उपाध्ये वाईट माणूस नव्हते. त्यांनी खूप समजावलं. पण लॅब चालवायची होती. लहान मुलांसाठीचं नवं यंत्र पुण्याहून दुसऱ्याच दिवशी मागवता येणार होतं, त्याला शिकवायला मात्र उज्ज्वलाच हवी होती. तीन दिवस ती रबरी हातावर सुई कशी धरते ते यंत्र बघणार, आणि शुक्रवारी दुपारी तिनं सही केली की तिची जागाच उठणार. एकदा उठली की परत मिळायची नव्हती. तिला काउंटरवर पावत्या फाडायचं काम द्यायचं ठरलं.

संध्याकाळी ती घरी येऊन खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडली. सयाजीरावांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मी आहे ना गं," ते म्हणाले. "तुला मी फिरवीन. निवांतच घेऊ. लागू दे काय लागायचं ते."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. त्या एका संध्याकाळी तरी.

मंगळवारी सकाळी टिकेकर बाईंचा क्लास होता. गाड्या स्वतः चालायला लागल्यापासून मगदूमांकडं शिकायला येत ते हौशी लोक, बहुतेक निवृत्त. टिकेकर बाई गणित शिकवलेल्या मुख्याध्यापिका होत्या आणि जिभेला हाड नसलेल्या होत्या. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना ‘यंत्राच्या उपकाराशिवाय’ कोकणात उतरायचं होतं. वंटमुरे कॉर्नरपाशी त्या वैतागून म्हणाल्या, "मगदूम, तुमचा हात काढा बघू आधी."

"कुठला हात?"

"हा काय! स्टेअरिंगवरचा."

सयाजीरावांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा हात स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला, खालून, दोन बोटांनी नुसता टेकलेला होता. तो तिथं कधी गेला ते त्यांना कळलंही नव्हतं. सव्वीस वर्षं तो हात तिथंच जात आला होता. शिकणारा चुकला तर सावरायला, आणि चुकला नाही तरी आपला असाच. डाव्या सीटवर बसलं की दार लावायच्या आधी तो तिकडं निघायचा.

"असू द्या हो बाई, सवय आहे."

"सवय असू द्या, पण तुम्ही हात टेकवला की स्टेअरिंग बारीक थरथरतं. काढलात की थांबतं. मला आपलं वाटायचं गाडीच जुनी आहे. काल तुम्ही पाणी प्यायला उतरलात, इंजिन चालू होतं, तेव्हा मुद्दाम धरून बघितलं. गाडी चांगली आहे."

"कधीपासून होतंय असं?"

"मी आले त्या दिवसापासून. दोन महिने झाले की."

सयाजीरावांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी भर चौकात थांबली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, टिकेकर बाई "अहो! अहो!" करायला लागल्या, आणि सयाजीरावांच्या डोळ्यांपुढं रविवारची दुपार उभी राहिली. उज्ज्वला स्टेअरिंग कसं धरते? गळा आवळल्यासारखं. शिकली तेव्हापासून तशीच. तिचे हात त्या पंधरा मिनिटांत एकदाही सैल नव्हते. सैल, नुसता टेकलेला हात त्या स्टेअरिंगवर एकच होता. गाडीनं हात ओळखला होता बरोबर, नाव मात्र कागदावरचं घेतलं होतं.

त्यांनी हात झटक्यात मागं घेतला.

आता एवढं कळल्यावर माणसानं काय करावं? गाडी वळवावी, सरळ लॅबमध्ये जावं आणि बायकोला सांगावं. मीही तेच म्हणतो. पण सयाजीराव तसे गेले नाहीत. टिकेकर बाईंना घरी सोडून ते घरात येऊन बसले, उजवा हात मांडीखाली दाबून. कंपवाताच्या माणसाला शिकवायचा परवाना ठेवत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. दर वर्षीच्या फॉर्मवर तो प्रश्न असायचा आणि दर वर्षी ते हसत ‘नाही’ लिहायचे. स्कूल गेलं म्हणजे सयाजी मगदूम कोण? संध्याकाळी उज्ज्वला आली, डोळे सुजलेले. त्यांनी तिचा हात हातात घेतला, घट्ट धरला आणि म्हणाले, "काही होत नाही तुला."

ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणून बरं वाटतं."

हे ऐकून त्यांना स्वतःची शिसारी आली. तरी ते बोलले नाहीत.

बुधवारी ते एकटेच शोरूममध्ये गेले. अक्षताला म्हणाले, "मला माझ्या नावावर चालवून बघायची आहे." त्यांनी गाडी काढली. पहिली दहा मिनिटं स्टेअरिंग असं करकचून धरलं, की बोटं पांढरी पडली. माणूस किती वेडा असतो बघा, यंत्राला फसवायला निघाला. मग पुलावर चढताना त्यांना उज्ज्वलाचे सुजलेले डोळे आठवले. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि उजवा हात सैल सोडून नुसता टेकवला.

हिरवी अक्षरं तीच आली. या वेळी जुळणी शंभरात चौऱ्याण्णव होती.

अक्षतानं आधी टॅबकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. पोरीला सगळा उलगडा झाला. "सर, त्या दिवशी तुमचा हात...?"

"हो."

"मॅडमना सांगितलंत?"

"सांगतो."

"सर, त्या बिचाऱ्या..." तिनंच त्यांना पाणी आणून दिलं.

गुरुवारीही सांगितलं नाही. गुरुवारी उज्ज्वलानं यंत्राला शेवटचे धडे दिले. घरी येऊन सांगत होती की यंत्र शहाणं आहे, पण पोराच्या तळव्यावर फुंकर घालायची असते हे त्याला कसं शिकवायचं? सयाजीराव समोर बसून भात कालवत होते.

शुक्रवारी अकरा वाजता ते लॅबच्या दारात उभे होते. आत गर्दी होती. एका तरुण बाईच्या मांडीवर दोनेक महिन्यांचं पोर टाहो फोडत होतं. नवं यंत्र त्याच्या हाताशी लावलं होतं आणि दोनदा चुकलं होतं. उज्ज्वला बाजूला हाताची घडी घालून उभी होती. नवऱ्याला बघून ती बाहेर आली.

"तुम्ही इथं कसे? माझी सही बाराला आहे."

"सही करू नकोस."

"आता परत तेच नका काढू."

"उज्ज्वला, रविवारी मी स्टेअरिंगवर हात ठेवला होता. पूर्ण वेळ. माझी सवय तुला माहीत आहे. यंत्रानं वाचला तो माझा हात. तुला काही झालेलं नाही."

ती त्यांच्याकडं बघतच राहिली. डोळे मोठे झाले. मग दोन्ही हात तिनं चेहऱ्यापुढं धरले, ते आपलेच आहेत ना याची खात्री करून घेतल्यासारखे, आणि ती हसायला लागली. साधंसुधं नव्हे, खदखदून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तिचं हसू थांबेना. आत वळून ती ओरडली, "नसीमा! अगं नसीमा, मला काही नाही! माझा हात चांगला आहे गं!" तिच्याबरोबर काम करणारी नसीमा धावत आली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रांगेतली माणसंसुद्धा, काय झालं ते न कळता, हसायला लागली.

सयाजीराव भिंतीला टेकून उभे होते. बायकोला इतकं हसताना त्यांनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, आणि त्यांना खरंच बरं वाटत होतं.

नसीमाच्या खांद्यावरून उज्ज्वलाची नजर त्यांच्यावर गेली. तिचं हसू तोंडावर राहिलं आणि त्यातला जीव गेला. तिनं नसीमाला दूर केलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "अगं बाई, मी हसले."

"हस. हसायचंच होतं."

"म्हणजे तुमचा हात... खात्री आहे?"

"परत चालवून बघितली. तेच आलं."

"कधी?"

इथंही खोटं बोलता आलं असतं. "बुधवारी," ते म्हणाले. "पण कळलं होतं मंगळवारीच."

उज्ज्वलानं बोटांवर मोजलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर दिवस मोजलेले दिसले. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस ती आपलं कसब एका यंत्राला देऊन टाकत होती. तीन संध्याकाळी रडत होती. आणि हा माणूस समोर बसून जेवत होता.

"मला वाटायचं, तुमच्या पोटात काही राहत नाही," ती म्हणाली.

आतलं पोर आता रडून रडून नुसतं हुंदके देत होतं. उज्ज्वला वळली, आत गेली, यंत्र बाजूला सारलं, हात धुतले. पोराचा तळवा उघडून तिनं त्यावर हळूच फुंकर घातली आणि सुई घेतली. एकदाच टोचली. रक्त नळीत आलं, पोराची आई डोळे मिटून बसली होती, तिला कळलंसुद्धा नाही. डॉक्टर उपाध्ये दारात उभे राहून बघत होते. त्यांनी टेबलावरचा सहीचा कागद उचलला आणि काही न विचारता खिशात घातला.

हात पुसत उज्ज्वला परत बाहेर आली. सयाजीराव रांगेतल्या बाकावर एका म्हाताऱ्याशेजारी बसले होते. त्यांचा फोन वाजत होता. शोरूमचा होता. ते घेत नव्हते. तिनं त्यांच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला.

"हो, अक्षता. मीच बोलते. ठरलंय. निवांत घ्यायची."

"उज्ज्वला, अगं, ती स्टेअरिंग..."

तिनं हातानंच त्यांना गप्प केलं. "नावावर माझ्याच. आणि चालवणार मी. ते माझ्या शेजारी बसतील, पुढंमागं त्यांना उतरवायला ती वळणारी सीट लागेल." तिनं फोन ठेवला. आवाज अजून कडक होता. "आजपासून क्लास बंद. टिकेकर बाईंना मी सांगते. कुणाचं पोर त्या गाडीखाली आलं असतं तर?"

"सवयीनं हात जाणारच गं माझा स्टेअरिंगवर."

"जाणार नाही. आताच सवय करा. ठेवा हात मांडीवर. दोन्ही. घट्ट नाही धरायचे, उताणे ठेवा, सैल."

सव्वीस वर्षं लोकांना ‘हात सैल ठेवा’ म्हणून सांगणाऱ्या माणसानं बायकोचं ऐकलं. बुधवारच्या त्या पुलानंतर पहिल्यांदाच त्यांनी हात सैल सोडले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे टाकले. डावा जसा ठेवला तसा पडून राहिला. उजव्याचा अंगठा मात्र शेजारच्या बोटावर हळूहळू घासायला लागला, जपमाळ ओढावी तसा, थांबायचं नाव न घेता. सयाजीरावांनी तो थांबवायचा प्रयत्न केला. तो थांबला नाही.

उज्ज्वला त्यांच्यासमोर खाली बसली होती. बाकावरचा म्हातारा, नसीमा, पोराला घेऊन निघालेली ती आई, सगळे त्या हाताकडं बघत होते.